हिंडलो किती, सरकलो किती

दिल्लीहून आल्यापासून गावात जो भेटतो तो विचारतो, "नामदेव, दिल्ली पाहिली का?" पाहिली की. पहिल्या दिवशी बसच्या डाव्या खिडकीतून बाहेरची दिल्ली पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी उलट्या दिशेच्या बसच्या डाव्या खिडकीतून आतली पाहिली. कुतुबमिनार तेवढा राहिला, कारण तो बसच्या वाटेवर नव्हता.

सगळं सांगतो. तुमच्यापैकी कोणाला जायचं झालं तर काय करू नये ते कळेल.

माझा तेलाचा लाकडी घाणा आहे. शाळेत मी एकच दिवस गेलो. मास्तरांनी पाटी आणायला घरी पाठवलं, ती मी अजून शोधतोय. अक्षरं शिकलो ती एसटीच्या पाट्यांवरून, म्हणून मला गावांची नावं झकास वाचता येतात, बाकी मजकुराचं काही सांगू नका.

माझी थोरली बहीण दिल्लीत असते. तिला मी अक्का म्हणतो. दाजी केंद्र सरकारच्या हापिसात, लक्ष्मीबाई नगरात त्यांना सरकारी क्वार्टर. एकच मुलगी, मेघना. ती तिकडेच शिकली आणि आता शाळेत फिजिक्स शिकवते. तिचं लग्न निघालं. आपल्यात मामाला कामं दोन. नवरी जी पिवळी साडी नेसून गौरीहर पुजते, ती मामानं आणायची. आणि मुहूर्ताला तिचा हात धरून तिला बोहल्यावर न्यायचं, अंतरपाटापुढं तिच्या पाठीशी उभं राहायचं. एवढं तर माझ्या घाण्याच्या बैलालाही जमलं असतं. मी आपला बिनधास्त निघालो. बैलाला न्यायला हवं होतं.

पहिला दिवस: निजामुद्दीन ते निजामुद्दीन

गाडी सकाळी निजामुद्दीनला लागली. दाजींनी पत्रात लिहिलं होतं, पोस्टमननं वाचून दाखवलं, "मी घ्यायला येतो. चुकामूक झालीच तर बाहेर मुद्रिका नावाची बस मिळेल, तीत बसून सफदरजंगला उतरा."

आता त्या स्टेशनाला दोन बाजू आहेत. दाजी एका बाजूला उभे राहिले आणि मी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलो. समोर मोठा रस्ता, कडेला चहावाला, आणि रस्त्यावर बस. पाटी वाचली, मुद्रिका. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. खिडकी मिळाली. ट्रंक मांडीवर घेतली आणि बसलो.

माझी एक अडचण आधीच सांगतो. आमच्या गावाला येणारी एसटी आमच्याच गावात संपते. पुढं डोंगर आहे, रस्ताच नाही. त्यामुळं उभ्या जन्मात मी बसमधून मधेच कधी उतरलेलो नाही. बस थांबते, इंजिन बंद होतं, कंडक्टर ओरडतो, "चला, उतरा," आणि मी उतरतो. मला वाटलं जगात सगळीकडे असंच. सफदरजंग आलं की इंजिन बंद होईल.

इंजिन काही बंद होईना. मी म्हटलं, मोठं शहर आहे, लांब असेल. पूल आले, दवाखाने आले, मग कारखाने, मग पुन्हा पूल. लोक चढत होते, उतरत होते, मला त्यांची कीव येत होती. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत जाता येत नाही. अडीच तासांनी कंडक्टर माझ्यापाशी येऊन उभा राहिला. हरियाणाकडचा, मिशा भरघोस.

"ताऊ, कित जाणा सै?"

"आखरी स्टॉप."

"आखरी?" त्यानं मागं वळून सगळ्या बसला सांगितलं, "ताऊ नै आखरी स्टॉप जाणा सै!" मग माझ्याकडं वळला. "ताऊ, या गोल सै. इसका आखरी कोए ना. तू चढ़्या भी यहीं तै था."

खाली पाहिलं तर तेच स्टेशन, तोच चहावाला. आणि बसच्या दाराशी दाजी! मला इकडं तिकडं शोधून दमले होते, शेवटी घरी जावं म्हणून नेमकी हीच बस पकडायला आले होते.

"नामदेवराव! अहो गाडी एवढी लेट?"

"गाडी वेळेवर होती, दाजी. मी जरा दिल्ली बघून आलो."

पोळपाटावरचा वाटाणा

घरी पोचल्यावर अक्कानं माझी दृष्ट काढावी तशी अक्कल काढली. "अरे नाम्या, जनावर बरं! ते तरी वास घेत घरी येतं." मेघना मात्र हसून हसून ओट्याला टेकली. ती मटारची उसळ करत होती. तिकडं थंडीत घराघरात मटारच मटार, पोह्यातही घालतात, चहात कसा घालत नाहीत कोण जाणे.

"मामा, यार, तुम्ही तर माझं पूर्ण चॅप्टर करून आलात," ती म्हणाली. "डिस्टन्स आणि डिस्प्लेसमेंट. नववीची मुलं यातच अटकतात."

दाजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अंतर आणि विस्थापन."

"मला मराठीत सांगा," मी म्हणालो.

तिनं पोळपाटाच्या कडेवर एक वाटाणा ठेवला आणि बोटानं कडेकडेनं फिरवत परत जागेवर आणला. "हा किती चालला?"

"पोळपाटाभोवती."

"आणि जिथून निघाला तिथून आता किती लांब आहे?"

"आहे तिथंच आहे की."

"बस. चालला ते डिस्टन्स. जिथून निघाला आणि जिथं पोचला, त्यांच्यामध्ये सरळ रेघ ओढायची, किती आणि कुठल्या दिशेला, ते डिस्प्लेसमेंट. तुमचं आजचं डिस्टन्स पन्नासेक किलोमीटर. डिस्प्लेसमेंट झिरो."

मला एकदम लख्ख समजलं. "म्हणजे आमचा बैल!"

"बिल्कुल! तुमचा बैल." लहानपणी मे महिन्यात आली की ती घाण्याच्या आडव्या लाकडावर बसून बैलाबरोबर फिरायची. "अकरा वर्षं चालतोय. डिस्टन्स काशीपर्यंत गेलं असेल. डिस्प्लेसमेंट?"

"छपराबाहेर नाही."

ते इंग्रजी शब्द माझ्या तोंडात बसेनात. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. एक हिंडणं, आणि दुसरं सरकणं. किती हिंडलास ते वेगळं आणि किती सरकलास ते वेगळं. मेघना म्हणाली, मामा, हे मी वर्गात वापरणार. मला इतका अभिमान वाटला की मी रात्री जेवताना दाजींना दोनदा विचारलं, "दाजी, तुम्ही हापिसात तीस वर्षं हिंडलात, सरकलात किती?" दाजींनी उसळीचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं.

त्या क्षणापासून माझी वाट लागायला सुरुवात झाली. अडाणी माणूस अडाणीपणानं एकदाच चुकतो. शिकला की मग तो समजून चुकतो.

दुसरा दिवस: इथं लग्न उजेडात होत नाही

मुहूर्त होता सकाळी अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांचा. आपल्याकडं हे ऐकून कोणी मान वर करत नाही. दिल्लीत जेवणाचं काम घेतलेला हलवाई दोन पावलं मागं सरला.

"ग्यारह इकतालीस? रात के?"

"सुबह के," दाजी म्हणाले.

"सुबह शादी नहीं होती, साहब. सुबह तो विदाई होती है."

दाजींनी समजावलं की आमच्यात दुपारी पंगत उठते आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी चहा पितात. हलवायाला आमच्याबद्दल फार वाईट वाटलेलं दिसलं. शेवटी जेवण वेळेवर द्यायचं कबूल झाला, पण मसालेभातात पनीर टाकण्यावर अडून बसला. लग्न गरिबासारखं व्हायला नको, एवढंच त्याचं म्हणणं.

नवऱ्यामुलाची माणसं फरीदाबादची, तीन पिढ्या तिकडेच. ती येऊन कार्यालय पाहून गेली. कार्यालय म्हणजे वस्तीचंच, अक्काच्या क्वार्टरच्या मागं. तिकडं त्याला बारातघर म्हणतात. क्वार्टरच्या मागच्या दारापासून बोहल्यापर्यंत मी पावलं मोजली, दीडशे भरली. मी म्हटलं, यात चुकायला जागाच नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. एक, मेघनाबरोबर बाजारात गेलो तेव्हा रस्ता ओलांडायची वेळ आली. तिकडच्या गाड्या माणूस बघून वेग वाढवतात. मी डोळे मिटले, तिचा दंड धरला आणि मधेच बसलो. लग्न एका दिवसावर आलेल्या पोरीनं मला फरफटत पलीकडं नेलं. "मामा, उद्या तुम्ही माझा हात धरायचाय, मी तुमचा नाही," ती म्हणाली.

दुसरी गोष्ट, अक्कानं ट्रंकेतून पिवळी साडी काढली आणि कपाळावर हात मारला. साडीला खालून फॉल लावायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. लगोलग ती साऊथ एक्स्टेंशनच्या मागं, कोटल्यातल्या दर्ज्याकडं, म्हणजे शिंप्याकडं, दिली. उद्या सकाळी साडेआठला दुकान उघडलं की मिळेल म्हणाला.

"मी आणतो," मी म्हणालो.

अक्कानं देवाकडं पाहून हात जोडले. पण खरं सांगायचं तर मी घरात थांबून मदत केली असती तर त्यांचं काम दुप्पट झालं असतं. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. दाजींनी सांगितलं, "मुद्रिकेनं तीन-चार स्टॉप. येताना रस्ता ओलांडायचा, पलीकडून तीच बस. पंधरा मिनिटं. कंडक्टरला सांगून ठेवायचं, सफदरजंग."

"दाजी, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" मी म्हणालो.

तिसरा दिवस: सरकायचं होतं तीन स्टॉप

जाताना काही झालं नाही. मी कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि शेजारच्या चार माणसांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी मला योग्य जागी उचलून खाली ठेवलं. दर्ज्यानं साडी दिली. कागदात गुंडाळून छातीशी धरली आणि रस्त्याच्या कडेला आलो.

पलीकडं जायचं होतं. मुद्रिका धावते तो रिंग रोड म्हणजे रस्ता नाही, नदीला पूर आलेला. तीनदा पाऊल टाकलं, तीनदा परत आणलं. चांगली पंधरा-वीस मिनिटं मी तिथं हातात पिवळी साडी घेऊन पुढं-मागं करत होतो. म्हणजे हिंडणं खूप झालं, सरकणं शून्य. हे मलाच सुचलं आणि मी खूश झालो.

तेवढ्यात माझ्याच बाजूला बस येऊन थांबली. पाटी वाचली, मुद्रिका.

आता माझी बुद्धी बघा. मी विचार केला, ही गोल आहे. तीही गोल आहे. ही उलटीकडून जाणार, पण जाणार घरालाच. निघालो कुठून? इथून. पोचणार कुठं? घरी. मधली सरळ रेघ तीच. सरकणं सारखंच! मग जीव धोक्यात घालून रस्ता ओलांडतो तो माणूस अडाणीच म्हणायचा. मी चढलो. खिडकीत बसलो. पोरगी मास्तरीण असावी तर अशी, मामाला दोन दिवसांत शहाणा केला.

लाल किल्ल्याची भिंत दिसायला लागली तेव्हा शेजारच्या बाईंना वेळ विचारली. त्या पंजाबी, मांडीवर मेथीची पिशवी.

"पौने दस, भाईसाहब."

"सफदरजंग कितना टाइम?"

"इससे?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "डेढ़ घंटा लगेगा, इससे."

सरकणं तेवढंच होतं, पण वेळ हिंडण्याला लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी तेव्हा उसळ खात असेन. साडी माझ्या मांडीवर. गौरीहर खोळंबलेला. नवरीला बोहल्यावर न्यायचं ते मला, आणि मी लाल किल्ला बघतोय.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळ्या बसला सांगितलं. "सुनो जी, ये लड़की के मामा हैं, इनकी भांजी की शादी है, ग्यारह इकतालीस पे!"

"रात के?" पुढून कोणीतरी विचारलं.

"अभी के!"

मग एकच गदारोळ झाला. एक सरदारजी म्हणाले, उतरा, समोरून उलटी बस घ्या, अजून मागं जाणं जवळ आहे. सगळे म्हणाले बरोबर, उतरा. मला हाताला धरून उठवलं.

"लेकिन उसमें रोड क्रॉस करना पड़ेगा," मी म्हणालो.

सरदारजींनी पगडी नीट केली. "तो आप इसीलिए इधर से चढ़े थे?"

"जी."

बसचे दोन पक्ष पडले. अर्धे म्हणत उतरा, अर्धे म्हणत बसा. चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ तर्क मांडत होते की मागं किती, पुढं किती. त्यांचा तर्क संपेपर्यंत आझादपूर गेलं आणि सरदारजी म्हणाले, "लो जी, अब आगे-पीछे बराबर हो गया." वाद मिटला. मग सगळी बस माझ्या बाजूची झाली. स्टॉपवर माणसं चढायला लागली की आतून ओरडा व्हायचा, "जल्दी चढ़ो जी, लड़की के मामा बैठे हैं!" चढणाराही घाबरून धावत चढायचा आणि आत आल्यावर तोच पुढच्याला ओरडायचा. पंजाबी बाईंना खरं तर केव्हाच उतरायचं होतं. त्या मेथीची पिशवी घेऊन बसून राहिल्या. म्हणाल्या, हमारे में भी मामा के बिना कुछ नहीं होता.

मी कागदाची गुंडाळी छातीशी धरून बसलो होतो. घामानं कागद विरघळायला लागला होता. थंडीचे दिवस होते बरं का.

सफदरजंगचा दवाखाना दिसला. सवाअकरा वाजून गेले होते. पन्नास माणसं एकदम ओरडली, "मामाजी, उतरो!" आणि मी जन्मात पहिल्यांदा कोणी हात न धरता, स्वतःच्या पायांनी, मधल्या स्टॉपवर, बस पूर्ण थांबायच्या आधी उतरलो. म्हणजे पडलो. साडी वर धरली होती, ती पडली नाही. आणि देवाच्या दयेनं ही बस घराच्या बाजूलाच थांबली होती. ओलांडायला रस्ता नव्हता.

दीडशे पावलं

बारातघरात शिरलो तर दाराशी वरच्या मजल्यावरचे नायरसाहेब. सहा फूट माणूस, केरळचे, दाजींच्याच हापिसातले. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला कुंकू, आणि तोंडानं पुटपुटत होते, "मी मामा. मी मामा." दाजींनी शेवटी त्यांना मामा म्हणून उभं करायचं ठरवलं होतं. मला पाहून त्यांनी "थँक गॉड" म्हटलं, टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि सरळ जाऊन, थंडीतसुद्धा, पंख्याखाली बसले.

अक्का समोर आली. मला वाटलं आता मारते. तिनं तोंड उघडलं, पण रडू आलं म्हणून शिवी निघेना. "आत जा," एवढंच म्हणाली. "ती कोणाचं ऐकत नाही. दुसरी साडी नेसत नाही, नायरसाहेबांचा हात धरत नाही. म्हणते मामा सवाअकराला येतोय."

आतल्या खोलीत मेघना रोजच्या सलवार-कमीजमध्ये बसली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात हिरवा चुडा, आणि पुढ्यात गौरीहर मांडल्यासारखं एक टेबलावरचं घड्याळ. बाकीच्या बायका अशा बघत होत्या जशी पोरीला बाधा झालीय.

"तुला कसं कळलं गं?" मी धापा टाकत म्हणालो.

"साडेआठला दुकान. वीस मिनिटं तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहणार. ओलांडणार नाही. मग समोर येईल ती मुद्रिका धरणार, उलटी. सवादोन-अडीच तास." तिनं माझ्या हातातून साडी घेतली. "मी चूक शिकवलं, मामा. टाइमचं सांगायचं राहिलं. मुलांना पहिल्याच दिवशी सांगते मी."

"अगं, पण मी आलोच नसतो तर?"

"तुम्ही तर आखरीपर्यंत जाणारे," ती म्हणाली आणि बायकांनी मला बाहेर हाकललं.

गौरीहर पाच मिनिटांत आटोपला. गुरुजी तिच्या अंगावर अक्षता टाकत होते का तिला घाई करत होते ते समजत नव्हतं. अकरा छत्तीसला दार उघडलं. पिवळ्या साडीत ती बाहेर आली आणि मी तिला ओळखलं नाही. जी सकाळपासून सगळ्यांना धीर देत होती, तिचा हात माझ्या हातात आला तो गार पडलेला.

"मामा, पाय उचलत नाहीये," ती हळूच म्हणाली.

"माझाही नाही," मी म्हणालो. "पण आपण दोघं मिळून एकाचा उचलू."

समोर खुर्च्या, मधून वाट, टोकाला अंतरपाट धरून दोघे उभे. अंतरपाटाच्या पलीकडं मुंडावळ्यांखाली नवरामुलगा घाम पुसत होता. मी मोजलेल्या दीडशेतली एवढीच पावलं उरली होती, सरळ. आणि त्या सरळ वाटेवर माझ्या मनात आलं की ही वाट थोडी लांब असती तर बरं झालं असतं. मी पावलं बारीक टाकायला लागलो. तीही टाकायला लागली. गुरुजी घड्याळाकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते, हातवारे करत होते. अक्का लांबून दात-ओठ खात होती. आम्ही कोणाकडं बघितलं नाही.

अंतरपाटापाशी पोचलो. तिला पाटावर उभी केली, मागं उभा राहिलो. गुरुजींनी माझ्याकडं बोट दाखवून सगळ्यांदेखत सांगितलं, "मामा, आता काही झालं तरी जागचे हलायचं नाही."

मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता डोळ्यांत गेल्या, नाकात गेल्या. डोळ्यांतून पाणी वाहून गालावर आलं, हनुवटीवर आलं, तिथून तिच्या पिवळ्या पदरावर टपकलं. पुसायला हात वर न्यायला हवा होता. नाही नेला.